ट्रॅक न्यूकमध्ये आणताना: कॅमेऱ्याची आणि वस्तूची हालचाल कॉम्पमध्ये नीट कशी बसवायची

शॉट असा आहे असं समजा. आंबा घाटातल्या वळणावर एक वडाप जीप पुढे चाललीय आणि मागच्या गाडीतून, हातात कॅमेरा धरून तिचा शॉट घेतलाय. जीपच्या टपावर सीजी, म्हणजे संगणकावर बनवलेल्या, ट्रंकांची चळत हवी आहे आणि रस्त्याच्या कडेला एक सीजी कमान. म्हणजे हालचाली दोन आहेत, एक कॅमेऱ्याची आणि दुसरी जीपची. कमान फक्त कॅमेऱ्याच्या हिशेबाने बसेल, ट्रंकांना मात्र दोन्ही लागतील. ट्रॅकिंग, म्हणजे शूट केलेल्या चित्रावरून ही हालचाल शोधून काढणं, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये झालंय. कॉम्प, म्हणजे खरं चित्र आणि सीजी एकत्र बसवणं, न्यूक या सॉफ्टवेअरमध्ये व्हायचंय. या लेखात हा एकच शॉट धरून सगळा प्रवास बघू. आफ्टर इफेक्ट्स आणि फ्यूजन ही कॉम्पची दुसरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलंय.

आधी माझं मत सांगून टाकतो. कॉम्पच्या टेबलावर ‘ट्रॅक सरकतोय’ अशी ओरड होते तेव्हा बहुतेक वेळा ट्रॅक बरा असतो आणि आणताना घोळ झालेला असतो. कुठला फॉरमॅट वापरला, एफबीएक्स की अलेम्बिक, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण घोळ सहसा तिथे नसतोच. तो असतो फ्रेम रेटमध्ये, सुरुवातीच्या फ्रेमच्या आकड्यात, सेन्सरच्या रुंदीत, लेन्सच्या वक्रतेत आणि मोजमापाच्या एककात. हे पाच आकडे दोन्हीकडे सारखे असतील तर साधी मजकुराची फाइलही पुरते.

पहिलं काम: मॅचमूव्ह करणाऱ्याकडून चिठ्ठी घ्या

ट्रॅकची फाइल उघडण्याआधी मॅचमूव्ह करणाऱ्याकडून, म्हणजे ज्याने ट्रॅक केला त्याच्याकडून, एक चिठ्ठी मागा. स्वतःच ट्रॅक केला असेल तर स्वतःसाठी लिहा, कारण पंधरा दिवसांनी काहीही आठवत नाही. तिच्यावर एवढं हवं: ट्रॅकसाठी वापरलेल्या प्लेटचा (शूट केलेल्या मूळ चित्राचा) आकार, फ्रेम रेट, पहिली आणि शेवटची फ्रेम, सेन्सरची धरलेली रुंदी, फोकल लेंग्थ, दृश्यात एक एकक म्हणजे मीटर की सेंटिमीटर, वरची दिशा वाय की झेड, आणि प्लेट सरळ करण्यासाठी वापरलेली डिस्टॉर्शनची (लेन्सच्या वक्रतेची) फाइल.

आपल्या शॉटची चिठ्ठी अशी: प्लेट १९२० × १०८०, २५ फ्रेम, १००१ ते ११२०, सेन्सर ३६ मिमी, फोकल ३५ मिमी, एकक मीटर, वर झेड.

सेन्सरच्या रुंदीबद्दल थोडं थांबू, कारण गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत छापलेली सेन्सरची रुंदी आणि तुमच्या क्लिपमध्ये रेकॉर्ड झालेला सेन्सरचा भाग या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. बरेच मिररलेस कॅमेरे ठरावीक मोडमध्ये सेन्सरचा मधला भागच वापरतात. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन चालू असेल तर भाग आणखी कापला जातो, शिवाय प्रत्येक फ्रेमला वेगळ्या जागी. असा शॉट ट्रॅकला देऊच नये. शूटिंगवर जाता येत असेल तर तिथेच ते बंद करायला लावा.

दिलासा एवढाच की चित्र कसं दिसेल हे ठरवते ती रुंदी आणि फोकल यांची जोडी. ३६ मिमी रुंदी आणि ३५ मिमी फोकल यांतून जे चित्र दिसतं, तेच २४ मिमी रुंदी आणि २३.३३ मिमी फोकल यांतूनही दिसतं. त्यामुळे मॅचमूव्ह करणाऱ्याने खऱ्या कॅमेऱ्यापेक्षा वेगळी रुंदी धरली असली तरी घाबरू नका. फक्त ती जोडी फोडू नका. त्याची फोकल आणि तुमची रुंदी असं मिश्रण केलं की खेळ संपला.

याचा हिशेब करून बघा. न्यूकच्या कॅमेरा नोडमध्ये (नोड म्हणजे एकेक काम करणारा डबा) आडवं ॲपर्चर, म्हणजे सेन्सरची रुंदी, मुळात २४.५७६ मिमी असतं. ब्लेंडरमधला सेन्सर मुळात ३६ मिमीचा. कुणी फोन करून ‘फोकल किती?’ विचारलं, ‘३५’ असं उत्तर आलं आणि तेवढंच न्यूकमध्ये भरलं, तर ५४.४ अंशांऐवजी ३८.७ अंशांचं दृश्य मिळतं. कमान भलतीच मोठी दिसेल आणि मधला बिंदू सोडून कुठेच बसणार नाही.

ब्लेंडरमधून बाहेर काढण्याआधी

ब्लेंडरमध्ये सॉल्व्ह झाल्यावर, म्हणजे ट्रॅकच्या बिंदूंवरून हालचाल गणिताने काढून झाल्यावर, कॅमेऱ्याला ‘कॅमेरा सॉल्व्हर’ आणि जीपसाठीच्या एम्प्टीला (फक्त जागा दाखवणाऱ्या रिकाम्या वस्तूला) ‘ऑब्जेक्ट सॉल्व्हर’ अशी बंधनं लागलेली असतात. दिसायला हालचाल दिसते, पण कीफ्रेम एकही नसते. बाहेरच्या सॉफ्टवेअरला ही बंधनं कळत नाहीत, म्हणून हालचाल बेक करून घ्या, म्हणजे प्रत्येक फ्रेमची जागा कीफ्रेम म्हणून नोंदवून घ्या. बंधनाच्या पॅनलमध्येच ‘कन्स्ट्रेंट टू एफ-कर्व्ह’ हे बटण आहे. किंवा ऑब्जेक्ट मेनूतल्या ॲनिमेशनमध्ये ‘बेक ॲक्शन’ घ्या आणि ‘व्हिज्युअल कीइंग’ व ‘क्लिअर कन्स्ट्रेंट्स’ या दोन्हींवर खूण करा. प्रत्येक फ्रेमला एक की हवी. माया या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांनी हेच ‘बेक सिम्युलेशन’ने करायचं. कॅमेरा एखाद्या ग्रुपखाली असेल तर ग्रुपची हालचालही कॅमेऱ्यातच उतरवून घ्यायची.

जीपच्या ट्रॅकबद्दल एक गोष्ट समजून घेतलीच पाहिजे, नाहीतर पुढे ट्रंका तरंगतील. एकाच कॅमेऱ्यातून पाहिलेली हलती वस्तू लहान आणि जवळ आहे की मोठी आणि लांब, हे गणिताला कळत नाही. दोन्ही उत्तरांतून पडद्यावर तंतोतंत तेच चित्र दिसतं. म्हणून वस्तूच्या ट्रॅकला मोजमाप बाहेरून द्यावं लागतं. जीपवरच्या दोन ओळखीच्या बिंदूंमधलं खरं अंतर, उदाहरणार्थ मागच्या दोन दिव्यांमधलं, टेपने मोजून घ्या आणि ब्लेंडरमध्ये वस्तूसाठीच्या ‘सेट सोल्यूशन स्केल’मध्ये भरा. कॅमेऱ्याच्या सॉल्व्हलाही असंच एक खरं अंतर हवं. दोन्हींचं प्रमाण जुळलं नाही तर जीपचा एम्प्टी रस्त्याच्या खाली धावेल किंवा रस्त्याच्या वर हवेत. गंमत म्हणजे कॅमेऱ्यातून बघताना हे अजिबात दिसणार नाही. ट्रंकांची सावली रस्त्यावर पाडायला गेलात की मात्र लगेच उघडं पडेल.

सॉल्व्ह एररच्या, म्हणजे काढलेली हालचाल आणि ट्रॅकचे बिंदू यांतल्या तफावतीच्या, आकड्यावर फार विसंबू नका. अर्ध्या पिक्सेलच्या खाली आकडा आला म्हणून लेन्स बरोबर सापडली असं होत नाही. चुकीच्या फोकललाही कमी एररचं उत्तर मिळू शकतं, विशेषतः कॅमेरा जागचा फारसा हललेला नसेल तेव्हा. ब्लेंडरमध्येच एक चौकड्यांचा सपाट तुकडा रस्त्यावर आणि एक ठोकळा जीपच्या टपावर ठेवून शॉट चालवून बघा. इथे सरकत असेल तर न्यूकमध्ये जाऊन काही सुधारणार नाही.

कुठल्या फाइलमधून न्यायचं

एफबीएक्सचा जन्म कायदारा नावाच्या कंपनीच्या फिल्मबॉक्स या सॉफ्टवेअरसाठी झाला, आणि २००६ पासून ते ऑटोडेस्ककडे आहे. कॅमेरा, एम्प्टी, जॉइंट, सगळं त्यात जातं आणि जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर ते वाचतं. अलेम्बिक हे सोनी पिक्चर्स इमेजवर्क्स आणि इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक (आयएलएम) या कंपन्यांनी मिळून काढलेलं खुलं स्वरूप, २०११ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. ते सगळं भाजून ठेवतं, म्हणजे बंधन, रिग असलं काही न ठेवता प्रत्येक क्षणाला वस्तू कुठे होती आणि तिचा आकार काय होता एवढंच. वाकणाऱ्या, फडफडणाऱ्या वस्तूंसाठी हेच घ्या. आणि तिसरी, म्हातारी पण उपयोगी डॉट चॅन फाइल.

चॅन फाइल म्हणजे साधा मजकूर. प्रत्येक ओळीवर एक फ्रेम: फ्रेमचा आकडा, मग तीन स्थानांचे आकडे, मग तीन फिरण्याचे, आणि कॅमेरा असेल तर आठवा आकडा उभ्या दृश्यकोनाचा. आपल्या शॉटची एक ओळ साधारण अशी दिसेल:

१००१ ०.५२ १.६३ ७.१० -४.२० ११.८० ०.०० ३२.२७

आठवा आकडा फोकल लेंग्थ नव्हे, अंश आहेत. ३६ मिमी रुंदीच्या १६:९ चित्राची उंची २०.२५ मिमी होते, आणि ३५ मिमी फोकलला त्याचा उभा कोन ३२.२७ अंश. म्हणजे नोटपॅडमध्ये उघडून, कॅल्क्युलेटर घेऊन फाइल तपासता येते. मला चॅन आवडते ती यासाठीच. भांडण लागलं की दोन्ही बाजूंचे लोक एकच आकडा बघू शकतात. ब्लेंडरमध्ये चॅनचं ॲडऑन आहे, पण नव्या आवृत्त्यांत ते एक्स्टेन्शन्समधून वेगळं घ्यावं लागतं.

आपल्या शॉटसाठी मी कॅमेरा आणि जीप एफबीएक्समध्ये नेईन, कमान आणि ट्रंका अलेम्बिकमध्ये. ब्लेंडरच्या एफबीएक्स एक्स्पोर्टमध्ये फक्त निवडलेल्या वस्तू घ्या, प्रकारांत कॅमेरा आणि एम्प्टी ठेवा. मग ‘बेक ॲनिमेशन’च्या भागात उतरा. तिथे ‘सिम्प्लिफाय’ मुळात १ असतं. म्हणजे ब्लेंडर त्याच्या मते अनावश्यक कीज गाळून टाकतो. हातात धरलेल्या कॅमेऱ्याची बारीक थरथर त्याला अनावश्यक वाटू शकते! ते शून्य करा. ‘एनएलए स्ट्रिप्स’ आणि ‘ऑल ॲक्शन्स’ या दोन्ही खुणा काढा, नाहीतर जुन्या ट्रॅकच्या ॲक्शन्सही (हालचालींच्या नोंदीही) फाइलमध्ये जातील आणि न्यूकमध्ये कुठली खरी हे शोधत बसाल.

न्यूकमध्ये, कॅमेऱ्याच्या आधी

नोड ग्राफवर एस दाबून प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडा. फ्रेम रेट मुळात २४ असतो, तो २५ करा. फ्रेम रेंज १००१ ते ११२० भरा आणि फुल साइज फॉरमॅट प्लेटचा. हे आधीच करायचं, कारण अलेम्बिक फाइल वेळ फ्रेममध्ये नाही, सेकंदांत ठेवते.

२५ च्या हिशेबाने १००१वी फ्रेम म्हणजे ४०.०४ सेकंद. न्यूक २४ वर असेल तर तोच क्षण ९६१व्या फ्रेमवर येऊन पडतो. तुमची प्लेट सुरू होईपर्यंत अलेम्बिकमधली चाळीस फ्रेमची हालचाल होऊन गेलेली असेल. याहून छुपा प्रकार २४ आणि २३.९७६ यांचा. २४ ला लिहिलेली १००१वी फ्रेम २३.९७६ च्या प्रोजेक्टमध्ये बरोब्बर १०००व्या फ्रेमवर येते. एकच फ्रेम मागे-पुढे! हळू शॉटमध्ये ती लक्षातही येत नाही आणि पॅन आला की सगळं सरकतं. चित्रपटाचं काम २४ ला आणि टीव्हीचं २५ ला, अशी सरमिसळ आपल्याकडे रोजची आहे. त्यामुळे प्रत्येक शॉटला विचारून घ्या, गृहीत धरू नका.

मग प्लेट आणा आणि रीड नोडमध्ये तिचे आकडे १००१ पासूनच सुरू होतात का ते बघा. एडिटकडून आलेली प्लेट कधी १ पासून असते, कधी ८६४०० च्या आसपासच्या कुठल्या तरी आकड्यापासून. तशी असेल तर प्लेट हलवा, कॅमेरा नाही. प्लेट एकच असते, पण कॅमेऱ्याच्या वेळेशी बांधलेल्या वस्तू दहा असतात.

कॅमेरा आणणे

आता कॅमेरा नोड घ्या. न्यूक १४ पासून थ्रीडीच्या दोन पद्धती शेजारी-शेजारी आहेत, जुनी ‘थ्रीडी क्लासिक’ आणि यूएसडी या थ्रीडी दृश्यांच्या स्वरूपावर उभी केलेली नवी. कुठलीही घ्या, पण सगळे नोड एकाच घरातले घ्या. खालची वर्णनं क्लासिकची आहेत, कारण बहुतेक ठिकाणी अजून तीच चालते.

कॅमेऱ्यात ‘रीड फ्रॉम फाइल’वर खूण करा. आत्ताचे आकडे पुसले जातील अशी सूचना येते, होकार द्या. मग ‘फाइल’ टॅबमध्ये एफबीएक्स निवडा. ‘ॲनिमेशन स्टॅक नेम’मध्ये बेक केलेली ॲक्शन आणि ‘नोड नेम’मध्ये तुमचा कॅमेरा निवडा. मायाहून आलेल्या एफबीएक्समध्ये ‘प्रोड्यूसर पर्स्पेक्टिव्ह’, ‘प्रोड्यूसर टॉप’ असे आगंतुक कॅमेरेही यादीत असतात. यादीत पहिला दिसला म्हणून तोच ठेवला तर न हलणारा कॅमेरा मिळतो आणि लोक एक्स्पोर्टला दोष देत बसतात. फ्रेम रेटचा आकडाही याच टॅबमध्ये आहे, तो २५ आहे ना ते बघा.

मग प्रोजेक्शन टॅब. फोकल ३५ आणि आडवं ॲपर्चर ३६ दिसलं पाहिजे. ट्रान्स्लेट वाय बघा. कॅमेरा जमिनीपासून १.६ मीटरवर धरला होता आणि इथे १६० च्या आसपास आकडा दिसतोय, तर एफबीएक्स सेंटिमीटरमध्ये आलंय. त्यात वाईट काही नाही, पण अलेम्बिकमधली कमान मीटरमध्ये असेल तर दोन्ही एकमेकांना भेटणार नाहीत. अशा वेळी कॅमेऱ्याच्या स्वतःच्या स्केलला हात लावू नका. एक ॲक्सिस नोड (फक्त जागा, फिरणं आणि स्केल ठेवणारा) घ्या, त्याचं स्केल ०.०१ करा आणि तो कॅमेऱ्याच्या ॲक्सिस इनपुटला जोडा. जीपचा ॲक्सिसही याच नोडखाली आणा, म्हणजे दोघांचं नातं तसंच राहील. सेंटिमीटरमध्येच काम करायचं ठरवलंत तर कॅमेऱ्याचा फार क्लिप (ज्यापलीकडचं तो दाखवत नाही ते अंतर) मुळात १०,००० असतो हे ध्यानात ठेवा. म्हणजे १०० मीटर. घाटातले डोंगर त्यापलीकडे आहेत.

चॅनमधून आणणार असाल तर क्रम बदलतो. आधी प्रोजेक्शन टॅबमध्ये दोन्ही ॲपर्चर भरा, ३६ आणि २०.२५. मग ‘इम्पोर्ट चॅन फाइल’ दाबा. फाइलमध्ये फोकल नसतेच, कोन असतो, आणि कोनावरून फोकल काढायला ॲपर्चर बरोबर लागतं. शिवाय रोटेशन ऑर्डर, म्हणजे फिरण्याचे तीन आकडे कुठल्या क्रमाने लागतात ते. मायाचा मूळ क्रम एक्सवायझेड, न्यूकचा झेडएक्सवाय. एक्स्पोर्ट करताना जो निवडला तोच कॅमेऱ्यात हवा. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: कॅमेरा जवळजवळ समतल असतो तेव्हा सगळं ठीक दिसतं, आणि तो एकाच वेळी वर आणि बाजूला वळला की चित्र तिरकं पडायला लागतं.

सगळं दृश्य पाठीवर पडल्यासारखं दिसलं तर झेड-वर आणि वाय-वर यांचा घोळ आहे. ब्लेंडरचं एफबीएक्स आणि अलेम्बिक दोन्ही सहसा हे स्वतः वळवतात, चॅनच्या ॲडऑनमध्ये मात्र वाय-वरची खूण आपण बघून घ्यायची.

जीपची हालचाल

जीपसाठी ॲक्सिस नोड घ्या. त्यातही ‘रीड फ्रॉम फाइल’, तीच एफबीएक्स, फक्त नोड नेममध्ये जीपचा एम्प्टी. ट्रंका अलेम्बिकमधून आणताना न्यूक त्यातल्या वस्तूंची यादी दाखवतो आणि सगळं एकाच नोडमध्ये हवं की वेगवेगळं हे विचारतो. कमान आणि ट्रंका वेगळ्या घ्या.

ट्रंकांच्या रीडजिओखाली (वस्तू वाचणाऱ्या नोडखाली) ट्रान्सफॉर्मजिओ हा हलवणारा नोड लावा आणि त्याच्या ॲक्सिस इनपुटला जीपचा ॲक्सिस जोडा. एक अट आहे: ट्रंका जीपच्या एम्प्टीच्या मूळ बिंदूच्या हिशेबाने बनवलेल्या आणि न हलवता एक्स्पोर्ट केलेल्या असल्या पाहिजेत. ब्लेंडरमध्ये त्या एम्प्टीला बांधून हलत्याच बाहेर काढल्या असतील तर हालचाल अलेम्बिकमध्येच आहे. वर पुन्हा ॲक्सिस जोडला की ती दोनदा लागते आणि ट्रंका जीपच्या पुढे पळतात. दोन्हींपैकी मी ॲक्सिसचा रस्ता घेईन, कारण त्याच ॲक्सिसवर नंतर पुष्कळ काही टांगता येतं.

उदाहरणार्थ, मागच्या लाल दिव्याची चमक. ती थ्रीडीत करायची गरज नाही. जीपच्या ॲक्सिसखाली दिव्याच्या जागी आणखी एक ॲक्सिस ठेवा, तो आणि कॅमेरा रिकन्साइलथ्रीडीला द्या, आणि निघालेला दोन मितींतला मार्ग साध्या ट्रान्सफॉर्मला जोडा. एका दिव्यासाठी वेगळा टूडी ट्रॅक करत बसण्यापेक्षा हे कधीही बरं. दिवा मधे झाडाआड गेला तरी मार्ग तुटत नाही.

लेन्सची वक्रता

सॉल्व्ह झालेला कॅमेरा सरळ लेन्सचा असतो, प्लेट मात्र खऱ्या, वाकवणाऱ्या लेन्सची. म्हणून सीजी बसवताना तपासणी सरळ केलेल्या प्लेटवर करायची. थ्री-डी-इक्वलायझरसारखी ट्रॅकिंगची सॉफ्टवेअर न्यूकसाठी लेन्सचा नोडच देतात. ब्लेंडरवाल्यांसाठी एसटीमॅपचा, म्हणजे प्रत्येक पिक्सेल कुठून उचलायचा हे सांगणाऱ्या चित्राचा, रस्ता सोयीचा. न्यूकमध्ये एक्स्प्रेशन नोडने एक चित्र बनवा, लाल चॅनेलमध्ये डावीकडून उजवीकडे ० ते १ आणि हिरव्यामध्ये खालून वर ० ते १. ते ब्लेंडरच्या कॉम्पोझिटरमध्ये ‘मूव्ही डिस्टॉर्शन’ नोडमधून एकदा अनडिस्टॉर्ट आणि एकदा डिस्टॉर्ट करून बाहेर काढा. मग दोन्ही नकाशे न्यूकच्या एसटीमॅप नोडमध्ये लावा.

इथे दोन अटी कडक आहेत. चित्र ३२ बिटचं ईएक्सआर हवं. १६ बिटमध्ये ०.५ ते १ या पट्ट्यात दोन आकड्यांमधलं अंतर सुमारे ०.०००४९ असतं, म्हणजे १९२० रुंदीवर जवळजवळ एक अख्खा पिक्सेल. सरळ रेषांना जिना पडलेला दिसतो. आणि दुसरं, या चित्रावर कुठलंही रंग-रूपांतर लागता कामा नये. ब्लेंडरमध्ये नॉन-कलर, न्यूकमध्ये रॉ.

प्लेट सरळ करताना कोपरे चित्राबाहेर ताणले जातात, म्हणून ओव्हरस्कॅन, म्हणजे कडेने जास्तीची जागा, ठेवतात. १० टक्के ठेवला तर १९२० × १०८० चं २११२ × ११८८ होतं. तेव्हा कॅमेऱ्याचं आडवं ॲपर्चरही ३६ वरून ३९.६ करायचं, फोकल तीच. स्कॅनलाइन रेंडर या थ्रीडीचं चित्र काढणाऱ्या नोडच्या बीजी (पार्श्वभूमी) इनपुटला हीच मोठी प्लेट द्या, म्हणजे रेंडरचा आकार आपोआप जुळेल.

शेवटच्या कॉम्पमध्ये मात्र मूळ प्लेट हात न लावता वापरायची आणि सीजी वाकवून तिच्यावर बसवायचं. प्लेट सरळ करून पुन्हा वाकवली की दोनदा फिल्टर होऊन मऊ पडते.

बसलंय का ते बघणे

न्यूकमध्येही चौकड्यांचं कार्ड (सपाट तुकडा) रस्त्यावर ठेवा, जीपच्या टपावर एक क्यूब, आणि ट्रॅकचे बिंदू मिळाले असतील तर तेही आणा. शॉट चालवून बघण्याआधी पहिली, मधली आणि शेवटची फ्रेम थांबून बघा, मध्यभागीही आणि कोपऱ्यांतही. मग चालवा.

काय चुकलंय ते सरकण्याच्या तऱ्हेवरून कळतं. शॉटभर सीजी प्लेटच्या मागे किंवा पुढे धावतंय, पण मार्ग तोच आहे, तर सुरुवातीच्या फ्रेमचा घोळ. हा फरक सारखा न राहता पुढे पुढे वाढत जातो, तर फ्रेम रेट. मध्यभागी घट्ट, पण बाहेर जावं तसं सारख्या प्रमाणात चुकत जातं, तर ॲपर्चर आणि फोकलची जोडी फुटली आहे. मध्यभागी आणि बऱ्याच बाहेरपर्यंत ठीक, फक्त कोपऱ्यांत झपकन सुटतं, तर लेन्सची वक्रता. रस्ता ठीक आणि फक्त ट्रंका घसरतात, तर जीपचा ट्रॅक किंवा दुहेरी लागलेली हालचाल. हाताची थरथर गुळगुळीत होऊन सीजी तरंगतंय, तर ‘सिम्प्लिफाय’ शून्य केलं नव्हतं.

फक्त जोरात पॅन झाल्यावर अर्ध्या फ्रेमइतकं सरकल्यासारखं वाटत असेल, तर मोशन ब्लर (हालचालीमुळे येणारा धूसरपणा) बघा. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडररमध्ये शटर मुळात फ्रेमच्या मध्यावर असतं, न्यूकच्या स्कॅनलाइन रेंडरमध्ये शटर ऑफसेट ‘स्टार्ट’वर. दोन्ही ‘सेंटर्ड’ करा. त्यानेही गेलं नाही आणि विजेचे खांब प्लेटमध्येच तिरके झालेले दिसत असतील तर तो रोलिंग शटर आहे, म्हणजे सेन्सरने चित्र एकदम न घेता ओळीओळीने घेतल्याचा परिणाम. ते काम ट्रॅकच्या पातळीवरच करावं लागतं.

आफ्टर इफेक्ट्स आणि फ्यूजन

आफ्टर इफेक्ट्सचं जग उलटं आहे. वाय खाली जातो, कॅमेरा झेडच्या पुढच्या दिशेने बघतो आणि एकक पिक्सेल. म्हणून आकडे हाताने भरायच्या भानगडीत पडू नका. ब्लेंडरचं जेएसएक्स एक्स्पोर्टचं ॲडऑन कॅमेरा आणि निवडलेल्या एम्प्टींचे नल (आफ्टर इफेक्ट्समधले एम्प्टी) तयार करून देतं. मायाची एमए फाइल आफ्टर इफेक्ट्स थेट वाचतो, पण हालचाल बेक केलेली हवी आणि लोकेटरच्या (मायातल्या एम्प्टीच्या) नावात ‘नल’ हा शब्द हवा, नाहीतर तो येतच नाही. कॉम्पचा आकार ट्रॅकच्या प्लेटइतकाच ठेवा. कॅमेऱ्याचा झूम पडताळायला सोपा आहे: रुंदी गुणिले फोकल भागिले सेन्सर, आपल्या शॉटला १८६६.७ पिक्सेल. दिव्याच्या चमकेसाठी इथे टूकॉम्प हे एक्स्प्रेशन आहे.

फ्यूजनमध्ये इम्पोर्टमधून एफबीएक्स सीन घ्या. तिथे ॲपर्चर इंचांत असतं, ३६ मिमी म्हणजे १.४१७. आणि रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या आतल्या फ्यूजन पानावर क्लिप शून्यापासून मोजली जाते, त्यामुळे १००१ पासूनच्या कीज तेवढ्या मागे घ्याव्या लागतात.

नवा ट्रॅक आला तर

येणारच आहे. एफबीएक्स आवृत्तीच्या आकड्यासह ठेवा आणि कॅमेऱ्यात व जीपच्या ॲक्सिसमध्ये दोन्हीकडे एकाच वेळी बदला. कॅमेरा दुसरा आणि जीप पहिली, असं झालं की दोघांचं प्रमाण पुन्हा सुटतं. मधल्या काळात कुणी आकडे दुरुस्त करायला ‘रीड फ्रॉम फाइल’ची खूण काढली असेल तर नोडमध्ये जुनी हालचाल गोठलेली असते आणि फाइल बदलून काहीच हलत नाही. खूण परत लावली की हाताने केलेली दुरुस्ती जाते, म्हणून ती दुरुस्ती सुरुवातीपासूनच वरच्या वेगळ्या ॲक्सिसमध्ये ठेवा आणि त्या नोडला तसं नाव द्या. फाइल बदलल्यावर आधी रीलोड दाबा, मग १००१ आणि ११२० या दोन फ्रेमवर कार्ड आणि क्यूब बघा. सॉल्व्ह नवा असेल तर लेन्सही नव्याने सुटलेली असते, तेव्हा सोबतचे एसटीमॅपही नवे मागून घ्या.